रेनिशॉ रेव्होचं परीक्षण: कॉम्प्रेसरच्या पात्याचं नाक मोजायला हे हेड कितपत कामाचं?

जेट इंजिनासारख्या यंत्रांतल्या कॉम्प्रेसरची पाती मोजायची आहेत. सीएमएमवर, म्हणजे बिंदूंचे निर्देशांक मोजणाऱ्या यंत्रावर, रेनिशॉचं पाच अक्षांचं रेव्हो हेड (प्रोब धरून फिरवणारा भाग) बसवावं, की निळ्या प्रकाशाने पृष्ठभाग टिपणारा ब्लू लाइट स्कॅनर घ्यावा? आमचं मत आधीच सांगतो. फलक (पात्याचा रुंद भाग), बुंधा, फिलेट (जोडावरची गोलाई), पोचे-ओरखडे हे सगळं झटपट बघायचं असेल तर स्कॅनर उत्तम. लीडिंग एजसाठी, म्हणजे पात्याच्या नाकासाठी, रेव्हो घ्यावं. मात्र घेताना माहितीपत्रकातला सेकंदाला ५०० मिमी हा वेग डोक्यातून काढून टाकावा. नाक मोजताना तो वेग कधीच वापरता येत नाही, आणि गरजही पडत नाही. का, ते पुढे हिशोबासकट येईलच.

आधी नाकाला एवढं महत्त्व का, ते बघू. हवा नाकावर येऊन दुभंगते. दोन्ही बाजूंना वळताना ती क्षणभर जोरात वेग घेते आणि लगेच मंदावते. हे मंदावणं मिलिमीटरच्या आत उरकतं, पण पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर, सीमास्तर, तिथेच बिघडतो. कधी तो पृष्ठभागापासून सुटतो आणि छोटा बुडबुडा करून पुन्हा चिकटतो, कधी वेळेआधीच खळबळीचा होतो. नाकापाशी जाड झालेला थर मग शेपटीपर्यंत तसाच वाहत जातो. हवेचा येण्याचा कोन दोन-तीन अंशांनी बदलला की सक्शन बाजूला, म्हणजे पात्याच्या कमी दाबाच्या बाजूला, हाच थर सगळ्यात आधी सुटतो. त्यामुळे नाक बिघडलं की तोटा तर वाढतोच, शिवाय पातं किती अंशांपर्यंत नीट काम करेल ती मर्यादाही आखडते. पायलटला किंवा प्लांट चालवणाऱ्याला ही दुसरी गोष्ट जास्त महाग पडते, कारण ती सर्जकडे, म्हणजे कॉम्प्रेसरमधला प्रवाह उलटण्याकडे, नेते.

केंब्रिजच्या व्हिटल प्रयोगशाळेतल्या गुडहँड आणि मिलर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या कामात यासाठी एक सरळ निकष दिला. नाकावरच्या वेगाच्या शिखरापासून खाली उतरताना वेग किती घटतो ते बघायचं. ही घट शिखरावरच्या वेगाच्या एक दशांशाच्या आत असेल तर नाकाचा आकार तोट्यात भर घालत नाही. ती ओलांडली की घालू लागतो. अर्धवर्तुळाकार नाक इथेच मार खातं. वर्तुळ आणि फलक जिथे जुळतात तिथे स्पर्शरेषा जुळते, पण वक्रता एकदम उडी मारते, आणि त्या उडीवर शिखर उभं राहतं. लंबवर्तुळाकार नाकाला ही उडी कमी असते. वक्रता सलग ठेवून काढलेलं नाक त्याहून चांगलं.

आता ड्रॉइंगकडे वळू. नाकाची त्रिज्या ०.१५ मिमी आणि प्रोफाइल टॉलरन्स (आकारात चालणारा फरक) अधिक-उणे ०.०५ मिमी, असं ड्रॉइंग अगदी नेहमीचं. या नाकाचा शेंडा कोणी बफिंग करताना ०.०५ मिमीने सपाट केला, तर सपाट भागाची रुंदी किती येते? वर्तुळाच्या साध्या भूमितीने ०.२२ मिमी. म्हणजे ०.३ मिमी जाडीच्या नाकावर ०.२२ मिमीचा सपाट कपाळपट्टा, आणि रिपोर्टमध्ये सगळं हिरवं! हवेच्या दृष्टीने हे पातं बोथट आहे, तपासणीच्या दृष्टीने ते पास आहे. मोजण्याचं कोणतंही साधन निवडताना आमची पहिली कसोटी हीच: हा सपाट पट्टा त्यात दिसतो का?

एका पात्याचं सोडा, सगळ्या संचाचं काय होतं याचा हिशोब एमआयटीतल्या गार्झन आणि डार्मोफल यांनी २००३ साली मांडला. फ्लँक मिलिंगने (कटरच्या बाजूने) कापलेल्या, डिस्कसकट एकसंध रोटरची पाती मोजून त्यांनी आकारातल्या फरकांचे मुख्य घटक वेगळे काढले. त्या घटकांतून हजारो काल्पनिक पाती रचून प्रत्येकाचा तोटा काढला आणि तो पूर्ण कॉम्प्रेसरवर नेला. उत्पादनातल्या नेहमीच्या फरकांनी एकूण कार्यक्षमता सुमारे १ टक्क्याने खाली येऊ शकते, असं उत्तर आलं. या क्षेत्रात पाव टक्क्यासाठी वर्षं घालवतात, तेव्हा १ टक्का म्हणजे फार झाला.

यातला कळीचा मुद्दा सहसा नजरेतून सुटतो. चांगलं डिझाइन वाटीच्या तळाशी बसलेल्या गोटीसारखं असतं, कोणत्याही बाजूला सरकवलं तरी ती वरच चढते. पातं ०.०३ मिमीने जाड झालं तर तोटा, पातळ झालं तरी बहुधा तोटाच. म्हणून ‘सरासरी नॉमिनलवर (ड्रॉइंगच्या मापावर) आहे’ या वाक्यात समाधान मानू नये. पसारा तेवढाच राहिला तर सरासरी कार्यक्षमता खालीच राहते. सरासरी सरकलेली असेल तर मशीनला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देऊन भागतं. पसारा कमी करायचा तर प्रक्रियेलाच हात घालावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्येक पात्याचा भरवशाचा आकार हातात हवा. रेव्हो घ्यायचं ते यासाठी.

हेडमध्ये काय आहे

स्पर्शाने मोजणाऱ्या प्रोबचं घराणंच मुळात जेट इंजिनातून आलं आहे. कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातल्या बारीक नळ्या मोजता याव्यात म्हणून डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ साली स्पर्श होताच बिंदू नोंदवणारा टच-ट्रिगर प्रोब काढला, आणि पुढच्याच वर्षी रेनिशॉ कंपनी उभी राहिली. रेव्हो त्या प्रोबपासून खूप पुढे आलं आहे. हेडचे दोन अक्ष सलग फिरतात, आणि मोजताना सीएमएमचे तीन अक्ष शक्यतो एका संथ, सरळ रेषेत चालतात. अवजड पूल आणि खांब झटके घेत नाहीत, झटके हलकं हेड घेतं. जुन्या स्थिर हेडच्या स्कॅनिंगमध्ये वेग वाढवला की मशीनचा सांगाडाच लचकतो. इथे तो प्रश्न बराच मिटतो.

पात्यांसाठी लागतो तो आरएसपी-२ प्रोब. त्याच्या पोकळ नळीतून लेझर किरण स्टायलसच्या (स्पर्श करणाऱ्या काडीच्या) टोकाजवळच्या परावर्तकापर्यंत जाऊन परत येतो. दाबाखाली नळी वाकली तरी टोक नेमकं कुठे आहे ते कळतं. त्यामुळे लांब, सडपातळ स्टायलस वापरता येतो. एकसंध रोटरच्या दोन पात्यांमधल्या अरुंद गल्लीत शिरायचं तर ही सोय लाखमोलाची आहे. आरएसपी-२ सरळ स्टायलसचा आहे. वळलेला स्टायलस लावायचा तर आरएसपी-३ घ्यावा लागतो. हेड कुठल्याही कोनात थांबू शकतं, त्यामुळे दर कोनासाठी वेगळं कॅलिब्रेशन करत बसावं लागत नाही. ज्यांनी ठरावीक टप्प्यांनी वळणाऱ्या हेडवर पंधरा-वीस कोन एकेक करून कॅलिब्रेट केले आहेत, त्यांना याची किंमत लगेच कळेल.

वेगाचा हिशोब

स्टायलसच्या टोकाची गोळी, म्हणजे रुबी, २ मिमी व्यासाची धरू, म्हणजे त्रिज्या १ मिमी. नाकाची त्रिज्या ०.१५ मिमी. नाकाला वळसा घालताना रुबीचं केंद्र १.१५ मिमी त्रिज्येच्या कमानीवर चालतं, आणि अर्ध्या वळशाचा रस्ता ३.६ मिमी होतो. या वळणावर लागणारं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. सेकंदाला ५०० मिमी वेग ठेवला तर ते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२ पट निघतं. असं काही होत नाही. रुबी उडते, नाहीतर कंट्रोलर आपणच वेग पाडतो.

हाच वेग २० मिमीवर आणला की त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.०३५ पट उरतं आणि रुबी पृष्ठभागाला निमूट चिकटून राहते. सेकंदाला ४,००० बिंदू मिळतात, म्हणजे केंद्राच्या रस्त्यावर दर ०.००५ मिमीला एक. पूर्ण नाकावर सातशेच्या वर बिंदू. वेळ किती गेला? ३.६ मिमी भागिले २०, म्हणजे ०.१८ सेकंद. पात्याचे वेगवेगळ्या उंचीवरचे दहा आडवे छेद, प्रत्येकाचं पुढचं आणि मागचं टोक असे वीस वळसे धरले तरी चार सेकंद लागत नाहीत. वाचवण्यासारखा वेळ नाकावर नाहीच, तो फलकावर आहे.

म्हणून प्रोग्राम करताना फलकाचं स्कॅन आणि टोकांचं स्कॅन वेगळं ठेवावं. फलकावर हेडची झुलती चाल वापरून हवा तेवढा वेग घ्यावा. नाक आणि शेपटीवर छेदाच्या उंचीला सावकाश वळसा घालावा. दोन्ही स्कॅन एकमेकांवर किमान १ मिमी चढवावेत. पूर्ण छेद एकाच वेगाने फिरवणारा प्रोग्राम दिसला की तो प्रोग्राम मागे पाठवावा. पात्यांसाठी रेनिशॉचं अ‍ॅपेक्सब्लेड नावाचं आखणीचं सॉफ्टवेअर आहे. त्याने स्कॅनची आखणी लवकर होते, पण नाकावरचा वेग आणि चढ यांचा निर्णय मेट्रॉलॉजिस्टनेच घ्यावा. तो सॉफ्टवेअरच्या ठरीव मांडणीवर सोडू नये.

रुबीची त्रिज्या वजा करताना होणारी चूक

हा भाग सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून जरा थांबून बघू. प्रोबला कळतं ते रुबीचं केंद्र. पृष्ठभाग काढायचा तर त्यातून त्रिज्या वजा करावी लागते, आणि कोणत्या दिशेने वजा करायची ते ठरवावं लागतं. बरेच प्रोग्राम कॅड मॉडेलमधली लंब दिशा वापरतात. फलकावर त्याने काही बिघडत नाही. नाकावर बिघडतं.

समजा, पातं फिक्स्चरमध्ये, म्हणजे ते पकडून ठेवणाऱ्या साधनात, ०.०५ मिमी बाजूला बसलं आहे. १.१५ मिमीच्या कमानीवर हा सरकाव म्हणजे अडीच अंशांचा फरक. चुकीच्या दिशेने १ मिमी वजा केल्यावर मिळणारा बिंदू खऱ्या पृष्ठभागाच्या ७ मायक्रॉन बाहेर पडतो. त्यामुळे ०.१५ मिमीचं नाक ०.१५७ मिमीचं दिसतं, तेही सगळीकडे सारख्या प्रमाणात नाही. रुबी लहान केली की ही चूक थोडी घटते, नाहीशी होत नाही: ०.५ मिमी व्यासाच्या रुबीलाही ५ मायक्रॉन राहतात. उपाय वेगळा आहे. आधी केंद्रांच्या बिंदूंतून सलग वक्र काढायचा, त्या मोजलेल्या वक्राची लंब दिशा घ्यायची आणि मग त्रिज्या वजा करायची. सॉफ्टवेअरमध्ये ही निवड कुठे आहे ते विक्रेत्याला स्क्रीनवर उघडून दाखवायला सांगावं.

रुबीची आणखी एक मर्यादा आहे. नाकावर ०.२ मिमी रुंदीची खाच असेल, तर १ मिमी त्रिज्येची रुबी तिच्यात जेमतेम ५ मायक्रॉन उतरते, मग खाच कितीही खोल असो. खाचा आणि बारीक चरे रेव्होवर शोधू नयेत. त्यासाठी भिंग, बोट आणि स्कॅनर आहेतच.

पातं धरण्याचं काम

हेड कितीही चांगलं असलं तरी पातं डोव्हटेलवर, म्हणजे रोटरच्या खाचेत बसणाऱ्या त्याच्या बुडावर, धरायचं असतं. डोव्हटेलची बैठक २० मिमी रुंद आणि पातं ६० मिमी उंच असेल, तर बैठकीच्या एका बाजूला १० मायक्रॉनचा कण अडकला की टोकाला ३० मायक्रॉनचा झुकाव दिसतो. वायपरने पुसणं, एअर गनने फुंकणं आणि टॉर्क रेंचने एकसारखं आवळणं, या तीन गोष्टी पाळल्या नाहीत तर रिपोर्टमधला पसारा फिक्स्चरचा असतो आणि दोष मिलिंगच्या माथी येतो. सुरुवातीला एकच पातं काढून-घालून किमान १० वेळा मोजावं. त्या दहांमधला पसारा टॉलरन्सच्या एक दशांशाहून जास्त असेल तर आधी फिक्स्चर सुधारावं.

पातळ पात्याला प्रोबचा दाबही लागतो. टायटेनियमचं, ३० मिमी कॉर्डचं (नाकापासून शेपटीपर्यंतची रुंदी), १.२ मिमी जाडीचं, ६० मिमी उंचीचं पातं सपाट पट्टी धरून हिशोब केला, तर टोकाला १० ग्रॅम दाबाने ते सुमारे १५ मायक्रॉन वाकतं. खऱ्या पात्याची जाडी नाकाकडे आणि शेपटीकडे कमी होत जाते, म्हणून ते याहून जास्तच वाकेल. दोन्ही बाजू सारख्या दाबाने मोजल्या तर मध्यरेषा बरीचशी जागेवर राहते, पण जाडी कमी दिसते. त्यामुळे टोकाजवळच्या छेदांचे आकडे आधार देऊन आणि आधार न देता, असे एकदा ताडून घ्यावेत आणि फरकाची नोंद ठेवावी. प्रकाशाने मोजणाऱ्या साधनात दाब पडतच नाही. स्कॅनरचा हा फायदा प्रामाणिकपणे मान्य करायला हवा.

स्कॅनरशी तुलना

या कामात झाइसचा अ‍ॅटॉस मुख्य स्पर्धक आहे. मूळची जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची जीओएम कंपनी, २०१९ साली ती झाइसने घेतली. पात्यांसाठी अ‍ॅटॉस फाइव्ह फॉर एअरफॉइल अशी खास आवृत्तीही आहे. अख्ख्या पात्याचा रंगीत नकाशा काही मिनिटांत हातात पडतो. फोर्जिंगचा साचा कुठे झिजला, पातं कुठे पिळलं, प्लॅटफॉर्म कुठे वाकला, हे त्या नकाशावर एका नजरेत कळतं. वर सांगितलेलं मुख्य घटक काढण्याचं सांख्यिकी काम करायचं असेल तर पूर्ण पृष्ठभागाचा असा डेटा सोन्यासारखा.

नाकावर मात्र भूमिती आडवी येते. कॅमेऱ्यात आडवे ४,००० पिक्सेल आणि समोरचं क्षेत्र १०० मिमी रुंद धरलं, तर दोन बिंदूंत ०.०२५ मिमी अंतर राहतं. ०.१५ मिमी त्रिज्येच्या नाकाचा अर्धा वळसा ०.४७ मिमीचा, म्हणजे त्यावर जेमतेम १९ बिंदू. तेही तिरक्या नजरेने टिपलेले आणि दोन बाजूंच्या दोन स्कॅनमधून जोडलेले. जोड ५ मायक्रॉनने चुकला की नाकावर खोटी कड उमटते, आणि मेश (बिंदूंची जाळी) गुळगुळीत करणारा फिल्टर ती कड झाकताना खरा सपाट पट्टाही गोल करून टाकतो. चकचकीत पॉलिश केलेल्या पात्यावर मॅट स्प्रे मारावा लागला तर त्याचा काही मायक्रॉनचा थरही नाकावरच जास्त साचतो. उडून जाणारा स्प्रे मिळतो, पण सफाईचा वेळ वाचतो एवढाच त्याचा फायदा, थर तोही देतोच. क्षेत्र लहान घेऊन बिंदू वाढवता येतात, पण मग शॉट वाढतात, जोड वाढतात आणि झटपटपणा जातो.

फॅनच्या पात्यांना किंवा पहिल्या टप्प्यातल्या मोठ्या पात्यांना, जिथे नाकाची त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे स्कॅनर पुरतो असं आमचं मत आहे. मागच्या टप्प्यांतल्या बोटाएवढ्या पात्यांना पुरत नाही.

मोजलेल्यातून काय वाचायचं

पहिली गोष्ट बेस्ट फिटची, म्हणजे मोजलेला आकार मूळ आकारावर जास्तीत जास्त जुळेल असा सरकवून-फिरवून बसवण्याची. पातं अर्ध्या अंशाने पिळलेलं असेल तर ३० मिमी कॉर्डच्या टोकाला ०.१३ मिमी सरकाव येतो. बेस्ट फिट तो पिळ फिरवून काढून टाकतो आणि प्रोफाइल हिरवं दाखवतो. हवेला मात्र तो अर्धा अंश प्रत्येक फेऱ्यात भेटतो, येण्याच्या कोनात थेट मिळतो, आणि पुढच्या टप्प्याला मिळणारा कोनही बदलतो. म्हणून रिपोर्ट दोन मागावेत: एक डोव्हटेलच्या डेटमवर (संदर्भ पृष्ठभागावर), दुसरा बेस्ट फिटवर. पहिल्यातून पिळ आणि झुकाव वाचायचा, दुसऱ्यातून आकार. नाकासाठी तिसरा, फक्त नाकाचा स्थानिक बेस्ट फिट घ्यावा, आणि त्यात प्रोफाइलच्या आकड्याऐवजी वक्रतेचा आलेख बघावा. वक्रता मध्येच शून्याकडे गेली की सपाट पट्टा आलाच. रेव्होचे दाट बिंदू खऱ्या अर्थाने इथे कामी येतात. १९ बिंदूंतून वक्रतेसाठी लागणारं दुसरं अवकलज काढणं म्हणजे गोंगाट मोजणं.

डेटा क्रमाने लावला की कारखानाही दिसू लागतो. एकसंध रोटरवर पहिल्या पात्यापासून शेवटच्यापर्यंत जाडी सावकाश वाढत गेली असेल तर कटर झिजतो आहे. मध्येच पायरी पडली तर तिथे कटर बदलला आहे. सगळ्या पात्यांचं टोक एकाच बाजूला झुकलेलं असेल तर फिनिशिंगचा कट पातळ भिंतीला ढकलतो आहे, किंवा रफिंगनंतर धातूतला ताण सुटला आहे. छेदावर सारख्या अंतराने लाटा दिसल्या तर पॉइंट मिलिंगच्या (कटरच्या टोकाने कापल्याच्या) चऱ्या: ६ मिमी बॉल कटरला ०.५ मिमी पायरी ठेवली की चऱ्यांची उंची साधारण १० मायक्रॉन येते, पायरी निम्मी केली की पाव होते. नाकं वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडलेली असतील, प्रत्येकाचं रूप निराळं, तर ते हाताच्या बफिंगचं काम. सगळी सारखीच जास्त गोल झाली असतील तर व्हायब्रो मशीनचा, म्हणजे कंपनाने घासून गुळगुळीत करणाऱ्या मशीनचा, वेळ जास्त झाला आहे. या शेवटच्या दोन दोषांतला फरक ओळखता आला तरी गुंतवणुकीचा मोठा भाग वसूल झाला असं समजावं, कारण पहिल्याचा उपाय प्रशिक्षण किंवा रोबो आहे आणि दुसऱ्याचा उपाय फक्त टायमर.

पात्याच्या उंचीबद्दल थोडक्यात. टोकाशी राहणारी फट पात्याच्या उंचीच्या १ टक्क्याने वाढली की कार्यक्षमता साधारण १ ते २ टक्क्यांनी घसरते, हा जुना ठोकताळा आहे. पण रोटर जुळवल्यावर टोकं एकत्र ग्राइंड होणार असतील तर सुट्या पात्याची उंची काटेकोर मोजण्यात वेळ घालवू नये.

खडबडीतपणासाठी रेव्होला एसएफपी-१ हा वेगळा प्रोब लावता येतो. तो आरए (सरासरी खडबडीतपणा) ०.०५ ते ६.३ मायक्रॉनपर्यंत मोजतो. आपल्याला लागतं किती? कॉर्ड २५ मिमी आणि रेनॉल्ड्स आकडा (वेग आणि लांबी यांचं हवेच्या चिकटपणाशी प्रमाण) १० लाख धरला, तर श्लिश्टिंगच्या नियमाने वाळूच्या कणांच्या उंचीत सांगितलेला, चालण्याजोगा खडबडीतपणा २.५ मायक्रॉन येतो. कॉख आणि स्मिथ यांच्या ६.२ या गुणकाने भागलं की आरए ०.४ मायक्रॉन. म्हणजे मागच्या टप्प्यांतल्या पात्यांना ०.८ चं फिनिश पुरत नाही, आणि ०.१ पर्यंत घासण्यात पैसे जातात, वर नाकही गोल होतं. एसएफपी-१ हे प्रमाण तपासायला ठीक आहे. लहान पात्यावर प्रमाण मोजणीसाठी लागणारी ४ मिमी सरळ लांबी प्रवाहाच्या दिशेने मिळणं कठीण जातं, आणि नाकावर तर तो टेकवताच येत नाही. सीएमएमवर आधीच रेव्हो असेल आणि पाती बरीच असतील तरच हा प्रोब घ्यावा. नाहीतर टेबलावरचा साधा रफनेस टेस्टर पुरे.

घेण्याआधी

रेव्हो जुन्या सीएमएमवर बसवता येतं, पण कंट्रोलर रेनिशॉचाच लागतो. जुना कंट्रोलर आणि त्यावरचे सगळे प्रोग्राम बाजूला ठेवावे लागतात, हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. रेव्होच्या मोडस या सॉफ्टवेअरला डीएमआयएस ही सीएमएमच्या प्रोग्रामिंगची भाषा चालते, त्यामुळे ती येणारा प्रोग्रामर लवकर रुळतो. पाच अक्षांची चाल डोळ्यासमोर आणायला मात्र प्रत्येकालाच वेळ लागतो, आणि आरएसपी-२ चा एक जादा स्टायलस होल्डर पहिल्या दिवसापासून कपाटात असावा. रेनिशॉचं पुण्यात बस्तान असल्यामुळे महाराष्ट्रातल्या कारखान्यांना डेमो आणि सेवा या दोन्ही बाबतींत सोय आहे. महिन्याला दोन-तीनशे पातीच मोजायची असतील, आणि तीही मोठी, तर एवढं सगळं उभं करू नये. चांगला चार-अक्षी स्कॅनिंग सीएमएम आणि शिस्त यांच्यावर भागतं.

डेमोला जाताना तीन पाती न्यावीत: एक चांगलं, एक मुद्दाम ०.०५ मिमी सपाट केलेलं, एक व्हायब्रोमध्ये दुप्पट वेळ फिरवलेलं. कुठलं कोणतं ते सांगू नये. तिन्ही एकाच प्रोग्रामवर मोजायला सांगावं आणि नाकाचे न गाळलेले केंद्रबिंदू फाइलमध्ये मागून घ्यावेत. मग सपाट पात्याचा बळी द्यावा: मोजलेल्या छेदाच्या जरा वर वायर-कटने कापायचं, रेझिनमध्ये बसवायचं, त्याच छेदापर्यंत घासत आणून पॉलिश करायचं आणि मायक्रोस्कोपखाली २०० पटीत फोटो काढायचा. फोटोवर मोजलेला वक्र ठेवल्यावर दोन्हींत ५ मायक्रॉनच्या आत मेळ बसला तर ऑर्डर द्यावी. सपाट पट्टा फोटोत आहे आणि वक्रात नाही, असं झालं तर आधी वेग आणि लंब दिशेची निवड बदलून त्याच जागी पुन्हा मोजायला लावावं. तरीही दिसला नाही तर बॅग उचलावी आणि दुसऱ्या विक्रेत्याकडे जावं.